आवाज बसला, तर घसा दाखवा



श्रावणात कानबाईच्या रात्री आपण गाणी म्हणतो आणि सकाळी निम्म्या बायांचा आवाज बसलेला असतो. दोन-चार दिवसांत तो सुटतो. पण आमच्या बचत गटातल्या एका ताईंचा सुटलाच नाही. ‘मना आवाज बसी गया’ म्हणत, काढे पीत त्यांनी दीड महिना काढला. त्यांची भाजीची गाडी. आवाज गेला की धंदा गेला.

शेवटी आम्ही त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. दुर्बिणीतून स्वरतंतूंवर बारीक गाठी दिसल्या. हाताला घट्टे पडतात ना, तशाच. ओरडून ओरडून झालेल्या. आवाजाला विश्रांती, भरपूर पाणी आणि बोलण्याचे व्यायाम, एवढ्यावर भागलं.

मग आम्ही या विषयाची माहिती काढली. 1854 साली मॅन्युएल गार्सिया या गायन शिक्षकाने आरसे आणि ऊन वापरून स्वतःचे स्वरतंतू पाहिले होते. आता सीटी स्कॅनमध्ये घशाचे पापडासारखे पातळ काप दिसतात. संगणक ते एकावर एक रचून अख्खं स्वरयंत्र उभं करतो. डोळ्यांवर व्हीआरचा मोठा चष्मा लावला की डॉक्टर जणू त्याच्या आतच फिरतात. गाठ कुठवर पसरली, श्वासाची वाट किती अरुंद झाली, हे शस्त्रक्रियेआधी सगळ्या बाजूंनी बघता येतं. वयात येणाऱ्या मुलाचा कंठमणी कसा पुढे येतो, हेही विद्यार्थ्यांना समजतं.

पण चष्म्याला सगळं दिसत नाही. बाईचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा थरथरतात. ती थरथर किंवा त्यांच्यावरचा लहानसा पांढरा चट्टा स्कॅनमध्ये कळत नाही. तिथे दुर्बीणच लागते आणि शंका आली तर तुकडा काढून तपासावा लागतो.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला, तर घसा दाखवा. गिळताना त्रास, मानेवर गाठ, थुंकीत रक्त किंवा धाप असेल तर तेवढंही थांबू नका. घरात कोणी बिडी ओढत असेल तर त्यांनाही न्या. स्वरतंतूंवरचा कर्करोग आवाज बसवून लवकर सूचना देतो; वेळेत सापडला तर बहुतेकदा जीवही वाचतो आणि आवाजही.

जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहे. एकटीला जायला संकोच वाटला तर गटातल्या दोघींना सोबत घ्या. आमच्या बैठकीत आता हप्ते गोळा झाले की एक प्रश्न विचारतोच: कोणाचा आवाज बसलाय का?

तुमच्या गटातही विचारा.