आप्पांची शाळा आणि तांड्यावरचे मूल



‘सर्वांगीण विकास’ हे शब्द आज प्रत्येक शाळेच्या माहितीपत्रकावर झळकतात. पुष्कळ ठिकाणी त्यांचा अर्थ स्नेहसंमेलन आणि कराटेचा वर्ग एवढाच उरतो. ज्यांनी हा विचार गांभीर्याने जगून दाखविला, त्या डॉ. वि. वि. उपाख्य आप्पा पेंडसे यांची आठवण जऊळक्यासारख्या गावात करायची, तर केवळ गौरवाने भागणार नाही. तो विचार इथल्या मातीत कितपत रुजेल, हेही पारखावे लागेल.

आप्पा मानसशास्त्राचे अभ्यासक आणि पिंडाने संघटक. बुद्धिमत्ता ही राष्ट्राची संपत्ती आहे, ती केवळ नोकरीच्या बाजारात विकली जाऊ नये, या भूमिकेतून १९६२ साली त्यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. १९६९ पासून प्रशाला सुरू झाली. बुद्धीला समाजाभिमुख प्रेरणा देणे हा त्यांच्या शिक्षणविचाराचा गाभा. म्हणून प्रबोधिनीचा विद्यार्थी प्रयोगशाळेत जितका रमला तितकाच दलावर, बरचीच्या तालावर आणि खेड्यातील कामावर घडला. विद्याव्रत संस्कार हे याचे उत्तम उदाहरण. उपनयनाचा मूळ आशय जपून, जातीची आणि मुलगा-मुलगी या भेदाची चौकट ओलांडून तो संस्कार सर्वांना खुला झाला. परंपरेचा नुसता जयघोष करणाऱ्यांनी हे धाडस समजून घेण्यासारखे आहे. तैत्तिरीय उपनिषदातील पंचकोशांच्या कल्पनेवर पुढे निगडी येथे प्रबोधिनीचे गुरुकुलही उभे राहिले.

आता मर्यादा. पुण्याच्या प्रशालेचा प्रवेश बुद्धिमापनाच्या चाळणीतून होत आला आहे. दहा वर्षांच्या मुलाची कसोटी घेताना त्याच्या घरातील पुस्तके, आईवडिलांचे शिक्षण, कानावर पडलेली भाषा हे सारे नकळत मोजले जाते. घरी गोरमाटी बोलणारे तांड्यावरचे मूल, किंवा अस्सल वऱ्हाडीत विचार करणारी शेतमजुराची मुलगी या चाळणीत खाली पडली, तर दोष बुद्धीचा की चाळणीचा? राष्ट्राचे नेतृत्व निवडून घडवायचे असेल, तर निवडीच्या बाहेर राहिलेल्यांचे काय, या प्रश्नाचे पुरेसे उत्तर आप्पांच्या मूळ मांडणीत सापडत नाही. प्रबोधिनीच्या पुढच्या पिढीने मात्र ते शोधले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर धाराशिव जिल्ह्यातील हराळी येथे निवासी शाळा उभी राहिली आणि तिला शेतीशिक्षणाची जोड मिळाली.

दुसरी मर्यादा अधिक अवघड आहे. ही पद्धती ध्येयवेड्या अध्यापकांवर चालते. आयुष्य वाहून घेतलेली माणसे आदेश काढून मिळत नाहीत. दोन इयत्ता एकत्र शिकविणारा, निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामाला जुंपलेला जिल्हा परिषदेचा शिक्षक पाच कोशांचा विकास कोणत्या तासिकेत साधणार?

इथे ताराबाई मोडक आठवतात. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी अनुताई वाघांसह उलट्या दिशेने विचार केला. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच मुलाकडे जाईल. अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरली ती कुरणशाळा. साधने कोणती? शिंपले, बिया, पाने. चाळणी नव्हतीच. शिखराची उंची आप्पांनी वाढविली, पायाची रुंदी ताराबाईंनी, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते पुरते खरे नाही, कारण आप्पांच्या कार्यकर्त्यांनीही शिवगंगेच्या खोऱ्यात खेडुतांसोबत काम केले.

२०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात पंचकोशांची कल्पना आली आहे. म्हणजे तो शब्द आता वाशीमसारख्या आकांक्षित जिल्ह्यातील शिक्षकाच्या हस्तपुस्तिकेतही पोहोचणार. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बांधावर बसलेल्या मुलीपर्यंत तो कोण पोहोचविणार, हे मात्र आराखडा ठरवू शकत नाही. ते जऊळक्याच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत ठरेल.