उष्णतेची साक्ष



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण जमलो आहोत, ते आमचे गुरुजी वर्गात नेहमी म्हणत, ‘उत्तर चुकले, तर आधी आपण प्रश्न काय विचारला होता ते पाहा.’ या वाक्याचा अर्थ मला धारवाड सोडल्यानंतर बऱ्याच वर्षांनी कळला.

आपल्या हुबळीला रेल्वेची परंपरा आहे. पूर्वी गाडी थांबली की कर्मचारी आसाच्या पेटीवर हाताची पाठ टेकवून ताप जोखीत. वस्तू न फोडता तिचे अंतरंग जाणण्याची ती साधी रीत होय. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी अवरक्त किरण शोधले आणि पुढे या हाताची जागा कॅमेऱ्याने घेतली. वस्तूला क्षणभर उष्णता द्यावयाची आणि पृष्ठभाग कसा निवतो ते पाहावयाचे. आत थर सुटले असतील, तर तेथे उष्णता अडते आणि वरचा भाग अधिक काळ उबदार राहतो.

एका कारखान्यात कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थाचा एक फलक मी असाच तपासला. दहा सेकंदांचे चित्रण केले. चित्र स्वच्छ होते. फलक निर्दोष असल्याचा शेरा मारून मी सही केली. पुढे श्राव्यातीत ध्वनीच्या तपासणीत चार मिलिमीटर खोलीवर थर सुटलेले आढळले. सुदैवाने फलक तोवर वापरात गेला नव्हता. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

चूक कॅमेऱ्याची नव्हती. उष्णतेला लागणारा वेळ खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अशा पदार्थात एक मिलिमीटरवरील दोष दोन सेकंदांत उमटला, तर चार मिलिमीटरवरील दोषाला सुमारे बत्तीस सेकंद लागतात. उत्तर येण्यापूर्वीच मी उठून गेलो होतो!

शिवाय उष्णता आत पसरत जाते, म्हणून खोल दोषाची खूण फिकट होते. चकचकीत धातू तर भोवतालचीच उष्णता परावर्तित करून फसवितो. यावर उपाय म्हणून ठरावीक लयीत उष्णता देऊन पृष्ठभागाच्या प्रतिसादातील कलांतर मोजतात. असमान तापण्याचा व पृष्ठभागातील फरकांचा त्यावर कमी परिणाम होतो. लय जितकी संथ, तितकी लहर खोल जाते. परंतु प्रत्येक खोलीसाठी वेगळी लय, म्हणजे वेगळी चाचणी लागते. दिल्लीच्या आयआयटीतील रविबाबू मुलवीसला आणि सुनीत तुली यांनी एकाच चाचणीत लय क्रमाने बदलत नेण्याची पद्धत मांडली. तीव्र झोत न टाकता अनेक खोल्यांचा वेध त्यामुळे एकदम घेता येतो.

१ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ यान सात अंतराळवीरांसह नष्ट झाले. त्यांत आपल्या कर्नालची कल्पना चावला होती. त्यानंतर उरलेल्या यानांच्या पंखांच्या कडा उष्णता-चित्रणाने तपासल्या जाऊ लागल्या. तपासनिसाच्या सहीमागे माणसांचे प्राण असतात, ते असे.

विद्यार्थी मित्रहो, यंत्रे सुधारतील. पण ‘दोष दिसला नाही’ आणि ‘दोष नाही’ या दोन वाक्यांतील अंतर यंत्र सांगत नाही. ते आम्हाला गुरुजींनी शिकविले. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.