‘ताई, जरा जोरात म्हणा’

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही साउंडवाली नाही. पण 2020 च्या टाळेबंदीत आपल्या बैठका फोनवर आल्या, त्यांच्या मागोमाग बैठकीआधीचं गाणंही फोनवर आलं, आणि ते जमवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यात जे चुकलं आणि नंतर जे कळलं, ते आज सांगते. आपल्यापैकी कितीतरी गट अजूनही महिन्याची एक बैठक ऑनलाइन घेतात, आणि तिथं गाणं सुरू झालं की तोच गोंधळ होतो.

आधी माझी चूक. 2021 च्या 8 मार्चसाठी सात गावांतल्या बायकांनी मिळून एक गाणं म्हणायचं ठरलं. रोज रात्री नऊला तालीम. एका बाईंचा आवाज सारखा गायब व्हायचा. पहिला शब्द ऐकू यायचा, मग मधलेच दोन, मग काहीच नाही. मी दर वेळी सांगायची, ‘ताई, जरा जोरात म्हणा.’ सगळ्यांच्या देखत सांगायची. पाचव्या दिवसापासून त्या आल्याच नाहीत. पुढे त्यांच्या घरी गेले तेव्हा कळलं. एका खोलीचं घर, सासरे आजारी, नवरा पहाटेच्या पाळीला जाणारा. बाई मोरीत उभं राहून, तोंडाशी पदर धरून म्हणत होत्या. त्यांनी धरून घेतलं होतं की आपला गळाच वाईट, ताईंना तो चालत नाही.

गळ्यात काही दोष नव्हता. ही सभेची ॲप्स मुळात बोलण्यासाठी केलेली आहेत, तेही एका वेळी एकाने, मोकळ्या आवाजात बोलण्यासाठी. त्यांत गोंगाट कमी करणारी सोय असते. पंख्याची घरघर, कुकर, रस्त्यावरची गाडी असलं सगळं ती गाळते. पण गोंगाट कुठला आणि माणूस कुठला हे ती ठोकताळ्याने ठरवते. दबक्या आवाजात लांबवलेला सूर तिला पंख्यासारखा वाटतो. पेटीचा सूर आणि टाळ यांचंही तेच. दुसरी सोय प्रतिध्वनी मारण्यासाठी असते. दोघी एकदम गायल्या की एकीचा आवाज दुसरीचा प्रतिध्वनी समजून ती दाबून टाकते. म्हणजे आपण ज्याला कोरस म्हणतो, त्याची इथं मुळात सोयच नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही की आवाज ‘खराब येतोय’ एवढंच म्हणून थांबायचं नाही. कसा खराब येतोय ते कान देऊन ऐकायचं. डॉक्टर ‘दुखतंय’वर थांबत नाहीत, कुठं आणि कसं ते विचारतात, तसं.

आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडत-वर येत असेल, शब्दांचे शेवट गळत असतील, तर ते गोंगाट-गाळणीचं काम. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ नावाचा पर्याय आहे, तो गाणाऱ्या बाईने स्वतःच्या फोनवर चालू करायचा. मात्र त्यानंतर इअरफोन हवाच. नाहीतर स्पीकरमधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि सगळ्यांना घुमल्यासारखं ऐकू येतं. एकाच खोलीत दोन फोन एकाच बैठकीला लावले की कानठळ्या बसवणारी शीळ वाजते, तिचं कारणही हेच. एक फोन बंद करा, शीळ गेली.

आवाज फाटत असेल, कर्कश, पत्र्यासारखा येत असेल, तर माइकला झेपेल त्यापेक्षा जास्त आवाज त्यात जातोय. आमच्या डफवाल्या मावशी फोन मांडीवर ठेवून वाजवायच्या! एकदा माइकपाशीच आवाज फाटला की ऐकणारीने कितीही बारीक केला तरी तो फाटकाच येणार. डफ फोनपासून सहा-सात फूट लांब, आणि त्याचं तोंड फोनकडे नको. गाणारीने फोन वीतभर लांब, हनुवटीच्या जरा बाजूला धरायचा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा वारा माइकवर आपटत नाही.

आवाज तुटक, टकटक करत, यंत्रमानवासारखा येत असेल तर दोष नेटचा. आवाजाचे बारीक बारीक तुकडे करून पाठवले जातात. काही वाटेत हरवतात, काही उशिरा पोचतात, आणि ॲप मधली भोकं कशीबशी बुजवतं. चित्र बंद करा, खिडकीशी बसा, घरातल्या दुसऱ्या फोनवर व्हिडिओ चालू असेल तर तेवढा वेळ थांबवायला सांगा. तो थांबवला जातो की नाही, हा पुन्हा नेटचा प्रश्न उरत नाही, हे तुम्ही जाणताच.

दोष आपल्याकडे की वाटेत, हे ओळखायची एक साधी युक्ती आहे. त्याच जागी, फोन तसाच धरून, फोनच्याच रेकॉर्डरवर दोन ओळी म्हणायच्या आणि ऐकायच्या. तिथं आवाज स्वच्छ असेल तर गळा आणि माइक ठीक आहेत, बिघाड ॲपमध्ये किंवा नेटमध्ये. तिथंच घोगरा येत असेल तर फोनच्या खालच्या कडेचं बारीक भोक बघा. माइक बहुधा तिथं असतो. कव्हरने झाकलेलं असतं, नाहीतर पिठाने बुजलेलं. आमच्याकडे चार फोनपैकी दोन असे निघाले.

हे सगळं दुरुस्त झालं तरी एक गोष्ट उरते, आणि ती काही केल्या जात नाही. उशीर. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. म्हणजे 10 मीटरवरच्या मैत्रिणीचा आवाज आपल्याला साधारण 30 मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. एकत्र ताल धरायला एवढं अंतर फार तर चालतं. सभेच्या ॲपवर मात्र 200 मिलिसेकंद सहज लागतात, म्हणजे जवळजवळ 70 मीटर लांब उभं राहून टाळ्या वाजवण्यासारखं. तारेचा दोष यात थोडाच, काचेच्या तारेतून 500 किलोमीटर जायला अडीच मिलिसेकंदच लागतात. वेळ जातो फोनमध्ये, तुकडे गोळा करण्यात, आणि ब्लूटूथमध्ये. बिनतारी इअरफोन एकटाच शंभर-दोनशे मिलिसेकंदांची भर घालू शकतो. साधा तारेचा वापरा.

उशीर असला की प्रत्येक जण दुसरीसाठी थांबते, आणि गाणं रखडत रखडत मरतं. आम्ही पंधरा दिवस एकमेकींना ‘तू मागे पडतेस’ म्हणत होतो. कोणीच मागे नव्हतं.

यावर वाट सापडली ती जात्यावर. एका आजींनी सांगितलं, ‘अगं, एकीने सांगायची, दुसरीने झेलायची.’ मग आम्ही सगळ्यांनी एकदम गाणं सोडून दिलं. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांचे माइक बंद. ओळ संपली की पुढच्या गावाने उचलायची. ओळींच्या सांध्यात अर्धा सेकंद गेला तरी कानाला खटकत नाही. धृपदाला मात्र सगळ्यांनी आपापल्या घरी मोठ्याने म्हणायचं, माइक एकीचाच चालू. ऐकणाऱ्याला एकच आवाज येतो, पण म्हणणारीला कोरसमध्ये असल्यासारखं वाटतं.

खरोखर एकदमच गायचं असेल तर सोनोबससारखं फुकट ॲप आहे. खातं उघडावं लागत नाही, गटाचं नाव आणि परवलीचा शब्द ठरवला की झालं. त्यात बफर नावाचा आकडा असतो. लहान ठेवला तर उशीर कमी पण आवाज टकटकतो, मोठा ठेवला तर आवाज सुरळीत पण उशीर वाढतो. टकटक थांबेल तिथपर्यंतच वाढवायचा. मात्र यात प्रत्येकीचा आवाज प्रत्येकीकडे वेगळा जातो. सहा जणी आणि सेकंदाला 96 किलोबिट असा बेताचा आवाज धरला, तर जाऊन-येऊन तासाला 400 एमबीच्या वर डेटा लागतो. पॅक कोणाच्या पैशातून भरायचा, ते आधी ठरवा. आणखी एक. या ॲपमधला आवाज सांकेतिक रूपात, कुलूपबंद जात नाही. त्यावर फक्त गाणं. गाणं झाल्यावर कोणी सहज म्हणून केसबद्दल, बाईच्या माहेरच्या पत्त्याबद्दल बोलायला लागली, तर तिथंच थांबवा.

त्या बाई? मी जाऊन माफी मागितली. त्यांना ‘ओरिजिनल साउंड’ लावून दिला, तारेचा इअरफोन दिला. तरी त्या घरातून मोठ्याने गाऊ शकत नव्हत्या, ते कुठल्या सेटिंगने सुटणारं नव्हतं. शेवटी त्यांनी दुपारी शेताच्या बांधावर उभं राहून आपली ओळ रेकॉर्ड करून पाठवली. 8 मार्चला त्यांची पाळी आली तेव्हा आम्ही ती वाजवली. मागे वारा होता, एक बैल होता, आणि आवाज असा खडा की डफवाल्या मावशी म्हणाल्या, ‘ही कोण गं?’ आता त्या बैठकीला येतात. थेट गात नाहीत. कधी पाठवतात, कधी नाही. मी विचारत नाही. आणि बैठकीत कोणालाच ‘जोरात म्हणा’ म्हणत नाही. आवाज नीट येत नसेल तर नंतर एकटीला फोन करते आणि आधी विचारते, ‘आत्ता बोलता येईल का?’

बरं. आता सगळ्यांनी फोनची कव्हरं काढा. दोन दोन जणींची जोडी करा. एकीने बाहेरच्या ओसरीवर जायचं, एकीने इथंच बसायचं. आधी रेकॉर्डरवर दोन ओळी, मग फोन लावून टाळी. किती उशिरा ऐकू येते, ते बघू.