वेचणी तिची, निर्णय कोणाचा?

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



कपाशीत सरकी टोबणे, विरळणी, खुरपणी आणि वेचणी ही कामे प्रामुख्याने बायका करतात. पाळी घालणे, फवारणी आणि विक्री पुरुषांकडे असते. परंतु बियाणे कोणते आणायचे, कापूस केव्हा विकायचा आणि आलेला पैसा कुठे घालायचा, हे ठरवताना बाईला क्वचितच विचारले जाते. हे नुकसान एकट्या तिचे नसून साऱ्या घराचे आहे.

कापसाची प्रत वेचणाऱ्या हातात असते. दव सुकल्यावर पूर्ण उमललेली बोंडेच वेचावीत, पालापाचोळा येऊ देऊ नये, कवडी कापूस वेगळा ठेवावा व वेचणीला सुती कापडाची झोळी वापरावी. हमीभावाच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भाव कापतात आणि १२ टक्क्यांपुढे कापूस घेतच नाहीत. हे सारे आम्ही शिबिरात सांगतो, पण समोर बसतात ते विक्री करणारे! वेचणारी त्या वेळी रानात असते. त्यातच मजुरी किलोवर. जी निवडून वेचते तिचे वजन कमी भरते, म्हणजे स्वच्छ कामाची शिक्षा तिलाच.

दुसरी अडचण सातबाऱ्याची. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीधारकांत स्त्रिया सुमारे १४ टक्केच आहेत. जमिनीवर नाव नसले की पीककर्ज आणि योजनांचा लाभ तिच्या नावाने मिळणे अवघड होते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला समान हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, केंद्राने २००५ मध्ये. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्यासाठी राज्यात १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. मात्र त्यासाठी पतीने स्वतः अर्ज करावा लागतो.

तेव्हा या हंगामात तीन गोष्टी करा. शिबिराला जोडीने या. स्वच्छ वेचणीला किलोमागे जादा मजुरी द्या. आणि कापसाची पट्टी हाती आली की ती घरात दोघांनी मिळून वाचा. खर्च, देणे, शिल्लक यांची नोंद एकाच वहीत ठेवा.

भगिनींनो, सल्ला विचारला जाईल म्हणून थांबू नका. कोणत्या वाणाची बोंडे वेचायला सोपी, कोणत्या तुकड्यात बोंडअळी आधी दिसली, हे तुम्हीच आधी पाहता. ते बियाणे आणण्यापूर्वी घरात सांगा.