तेरचं संग्रहालय आणि घरची अडगळ



सातवाहनांचा धडा सुरू झाला की मी खिडकीबाहेर बघत बसायचो, हे समोर बसलेल्या सरांना पक्कं ठाऊक आहे. सर, ते सातवाहन मला पन्नाशीनंतर तेरला भेटले.

वैरागहून बार्शी, येडशी करत तेर काही लांब नाही. आपण सगळेच गोरोबाकाकांच्या दर्शनाला जाऊन आलोय, पण संग्रहालयात किती जण डोकावलो? त्याला रामलिंगप्पा लामतुरे यांचं नाव आहे. लामतुरे तेरचेच. गावच्या मातीत सापडणारे मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या मूर्ती त्यांनी वर्षानुवर्षं जमवल्या. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचं लिहिलंय, आणि इथलं कापड गाड्यांतून भडोच बंदराला जायचं हेही. तेरला हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पाँपेईत अशीच एक मिळाली आहे. दोघी बहिणी शोभतात!

तिथून पुढे त्रिविक्रमाच्या देवळात गेलो. विटांचं बांधकाम, मागची बाजू अर्धगोल. मूळचं ते बौद्ध चैत्यगृह असावं, असं अभ्यासक मानतात. देव बदलला, पण वास्तू वापरात राहिली म्हणून टिकली, असं मला वाटतं.

आणि मी काय केलं? आमचा इथला वाडा पाडला, तेव्हा आजोबांच्या मोडीतल्या चोपड्या रद्दीत आणि पितळी मापं मोडीत घातली. किलोच्या भावाने. आजोबा कोणाला किती धान्य उसनं देत, दुष्काळात कोणाचं माफ करत, सगळं त्या चोपड्यांत होतं. आता सांगायला कोणी उरलेलं नाही. मोडी वाचणारा शोधायचंही मला सुचलं नाही.

तुमच्यापैकी अनेकांचे वाडे अजून उभे आहेत. पाडायचे तर पाडा, पावसाळ्यात गळणाऱ्या माळवदाखाली राहा असं मी कोणत्या तोंडाने सांगू? फक्त त्याआधी माळ्यावरची पेटी एकदा उघडून बघा. कागद, फोटो, मापं, जे निघेल ते शाळेत आणा. एक खोली पुरे, एक कपाटही चालेल.

आमच्याकडची एक अधोली तेवढी वाचली, कारण आई तिने अजून ज्वारी मोजते. तिला विचारून आज पिशवीत घेऊन आलोय. मुख्याध्यापकांनी जागा दाखवली, तर ठेवूनच जाईन.