काठीची सावली
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



गुणवंतांचे कौतुक मी करणारच. परंतु जिला मी स्वतः गुण नाकारले, त्या एका मुलीची हकीकत सांगितल्यावाचून मला पुढे बोलवत नाही.

पुण्यातील एका प्राथमिक शाळेत मी चौथीला शिकवीत असे. दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो व सावली पायाखाली नाहीशी होते, असे मी वर्षानुवर्षे सांगत आले होते. एका डिसेंबरात या मुलीने उत्तरपत्रिकेत लिहिले, "सावली नाहीशी होत नाही. मी मोजली." मी त्यावर तांबडी फुली मारली. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी मीटरभर लांबीची काठी घेऊन आली आणि मला अंगणात घेऊन गेली.

बारा वाजले, तरी सावली चांगली लांब होती आणि अजून आखडतच होती. साडेबारा उलटल्यावर ती सर्वांत आखूड झाली व नेमकी उत्तरेकडे वळली. टेपने मोजली, तर सुमारे ९० सेंटिमीटर!

आपले घड्याळ ८२॥ अंश पूर्व रेखांशाप्रमाणे चालते. पुणे ७४ अंशांच्या आसपास. अंशास ४ मिनिटे, म्हणजे आपली खरी मध्यान्ह सरासरीने बारा वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास होते. आणि सूर्य पुण्याच्या माथ्यावर वर्षातून दोनच दिवस येतो : मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस. (दुसरा दिवस बहुधा ढगांतच जातो!) कर्कवृत्तापलीकडच्या दिल्लीकरांना तर तो कधीच लाभत नाही. हे सारे मी वाचले होते, परीक्षेत लिहून गुणही मिळविले होते. अंगणात मात्र उतरले नव्हते.

मध्यप्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांतून प्रयोगाधारित विज्ञानशिक्षण सुरू झाले. सहावी ते आठवीच्या त्या मुलांना परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा असे, आणि प्रयोगही करून दाखवावा लागे. तो उपक्रम २००२ साली बंद पडला. आपली परीक्षा अद्यापि पाठांतराभोवतीच घोटाळते, आणि आपली पारितोषिकेही!

म्हणून मंडळास माझी नम्र विनंती आहे. पहिली ते चौथीच्या मुलांना चांदीच्या पेल्याऐवजी एक कापडी पिशवी द्यावी. तीत मोजपट्टी, भिंग, लोहचुंबक आणि दोऱ्याचे रीळ असावे. माताभगिनींनी "कपडे मळतील" ही एवढी एकच हरकत मागे घ्यावी.

त्या मुलीचे गुण मी दुरुस्त केले, सर्व वर्गासमक्ष. सभागृहाबाहेर आज मी एक काठी रोवून ठेविली आहे. पंगतीला अवकाश आहे. तोवर बालमित्रांनी माझ्याबरोबर यावे. वडीलमंडळी आली, तरी मला आनंदच होईल.