अग्रलेख नंतर, आधी गोष्ट



इंग्रजी सुधारायचं असेल तर काय करावं, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: रोज इंग्रजी पेपर वाच. वडीलधारी माणसं हेच सांगतात, क्लासवाले सांगतात, स्पर्धा परीक्षेतून निवड झालेले अधिकारीही सत्काराच्या भाषणात सांगतात. सल्ला मनापासून दिलेला असतो. मग पेपर लावला जातो, अग्रलेख उघडला जातो, शेजारी डिक्शनरी आणि वही. पहिल्याच परिच्छेदात बारा-पंधरा शब्द अडतात. ते शोधून उतरवून काढेपर्यंत अर्धा तास जातो आणि लेखकाला नेमकं काय म्हणायचं होतं ते हाती लागत नाही. थोड्याच दिवसांत पेपर रद्दीत जातो आणि मनात एक गोष्ट पक्की बसते, की आपल्याला काही इंग्रजी जमायचं नाही.

मी प्रौढांना इंग्रजी शिकवतो. नर्सिंग केलेल्या मुली, बढतीची परीक्षा देणारे बँकेतले कारकून, मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून येणाऱ्या आया असे सगळे माझ्या वर्गात असतात, आणि बहुतेकजण ही समजूत सोबत घेऊनच येतात. आज मला त्यांची बाजू घ्यायची आहे. त्यांची बुद्धी कुठेही कमी पडलेली नाही. त्यांच्या हातात पडलेला मजकूर त्यांच्यासाठी फार लवकर आलेला होता.

यामागे साधा हिशेब आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात काम करत होते. बंगालमधली मुलं वर्षानुवर्षं शाळेत इंग्रजी शिकतात आणि शाळा सुटली की एखादं पुस्तकही धड वाचू शकत नाहीत, हे त्यांना सलत होतं. शाळेतली वाचनाची पुस्तकं त्यांनी तपासली. पानोपानी नवे शब्द, आणि त्यातले कितीतरी असे की मुलाला पुन्हा कधी भेटणारच नाहीत. वेस्ट यांनी नवी पुस्तकं तयार केली. दुर्मीळ शब्दाच्या जागी रोजचा शब्द घातला, नवे शब्द मोजके ठेवले, आणि एकदा आलेला शब्द पुढच्या पानांवर वरचेवर येत राहील असं पाहिलं. पुढे १९५३ साली त्यांची इंग्रजीतल्या सर्वांत उपयोगी अशा सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. साधारण इंग्रजी मजकूर घेतला तर त्यातल्या शंभर शब्दांपैकी ऐंशीच्या आसपास शब्द याच यादीतले निघतात.

ऐंशी टक्के ऐकून बरं वाटतं. पण याचाच अर्थ असा की हे २००० शब्द तोंडपाठ असलेल्या माणसालाही दर पाचवा शब्द अनोळखी लागतो. म्हणजे ओळीओळीत दोन ठिकाणी अडायचं. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी या प्रश्नावर आयुष्यभर काम केलं. त्यांचं सांगणं असं, की डिक्शनरीशिवाय नीट समजत वाचायचं तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत. पन्नास शब्दांत एखादाच नवा असला, तर त्याचा अर्थ बाकीच्यांच्या संगतीने उलगडतो. वर्तमानपत्र या सहजतेने वाचायला शब्दांची आठ-नऊ हजार कुळं माहीत असावी लागतात. ‘प्ले’, ‘प्लेइंग’, ‘प्लेयर’ हे सगळं मिळून एक कूळ. दोन हजारांवर असलेल्या माणसाला आठ हजारांचा मजकूर दिला, तर तो अडणारच.

मधलं अंतर भरून निघतं ते सोप्या आणि भरपूर वाचनाने.

सोपं कसं ओळखायचं? पुस्तक मधेच कुठेतरी उघडा आणि शंभर शब्द मोजा. त्यात दोन-तीन अनोळखी निघाले तर ते पुस्तक तुमचं. आठ-दहा निघाले तर सध्या परत ठेवा. ही पुस्तकं महाग नाहीत. बालभारतीची इंग्रजीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. पाचवीपासून सुरुवात करा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर पातळीनुसार लावलेल्या गोष्टी आहेत, त्याही फुकट, आणि कित्येक गोष्टी इंग्रजी व मराठी दोन्हीत आहेत. ऑक्सफर्ड बुकवर्म्स नावाची पुस्तकमाला आहे. तिची पहिली पायरी ४०० शब्दांत लिहिलेली असते, सहावी २५०० शब्दांत. शहरातल्या मोठ्या ग्रंथालयांत चौकशी करा. पाया थोडा पक्का झाला की रस्किन बाँड आणि आर. के. नारायण यांच्या गोष्टी वाचा. वाक्यं छोटी, माणसं आपल्यासारखी, आणि गोष्ट अशी की पान उलटावंसं वाटतं.

मोठ्या माणसाने पाचवीचं पुस्तक उघडायचं का, हा संकोच मी दरवर्षी पाहतो. बसमध्ये कुणी बघेल म्हणून पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालणारे लोक माझ्या वर्गात आहेत. घाला कव्हर, हरकत नाही, पण वाचा. पेपरही पूर्ण सोडू नका. फक्त जी बातमी मराठीत आधीच वाचली आहे किंवा आकाशवाणीवर ऐकली आहे तीच इंग्रजीत वाचा. काल क्रिकेटचा सामना पाहिला असेल तर त्याचं वर्णन वाचा. घटना ठाऊक असली की शब्द आपोआप जागेवर बसतात.

आता वाचायचं कसं, हे सांगतो. आपल्या मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येतं. शाळेत आपण इंग्रजी वाक्याचा अर्थ लावायला शिकलो तो कर्त्यावरून शेवटाकडे उडी मारून आणि मग मागे मागे येत. परीक्षेत ते चालून गेलं. पण वाचताना डोळे असे पुढे-मागे धावू लागले की वेग मरतो आणि अर्थही निसटतो. म्हणून वाक्य छोट्या छोट्या तुकड्यांत, डावीकडून उजवीकडेच घ्यायचं. ‘ही टोल्ड मी’, क्षणभर थांबा, ‘दॅट द डॉक्टर’, थांबा, ‘वुड कम ॲट फाइव्ह’. प्रत्येक तुकड्याचा अर्थ मनात येऊ द्या आणि पुढे चला, मागे वळायचं नाही. सुरुवातीला पेन्सिलीने तुकडे पाडले तरी चालेल. नवा शब्द आला तर खाली बारीक रेघ मारा आणि पान संपेपर्यंत डिक्शनरीला हात लावू नका. पान संपल्यावर रेघा मारलेले शब्द बघा. त्यातले काही तोवर उमगलेले असतात.

उरलेल्यांसाठी मात्र डिक्शनरी चांगली हवी. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज गृहस्थ जपानमध्ये इंग्रजी शिकवत असत. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्यासाठी त्यांनी १९४२ साली तिथे एक डिक्शनरी प्रसिद्ध केली, तीच पुढे ऑक्सफर्डची शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी झाली. या जातीची डिक्शनरी सोप्या इंग्रजीत अर्थ देते, शब्द वाक्यात वापरून दाखवते आणि त्याचं अनेकवचन होतं की नाही तेही सांगते. ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फॉर्मेशन’, ‘फर्निचर’ यांच्या मागे ‘एस’ लागत नाही, हे तिथे लगेच दिसतं. मोबाइलमधल्या भाषांतराच्या ॲपमध्ये बहुतेकदा एका शब्दाला एकच मराठी शब्द मिळतो आणि विषय संपतो.

‘रोज दहा शब्द पाठ करा’ या पद्धतीला माझा विरोध आहे. सुटा शब्द डोक्यात राहिला तरी वापरता येईलच असं नाही. मराठीत आपण चूक करतो आणि अभ्यासही करतो. इंग्रजीत ‘मेक अ मिस्टेक’, पण ‘डू होमवर्क’. हा फरक शब्दाचा अर्थ पाठ करून कळत नाही. म्हणून वहीत शब्द लिहायचा तो ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासकट. डाव्या बाजूला वाक्याचा मराठी अर्थ, उजव्या बाजूला मूळ इंग्रजी वाक्य. उजवी बाजू हाताने झाकायची आणि मराठी वाचून इंग्रजी म्हणायचं. दुसऱ्या दिवशी एकदा, तीन-चार दिवसांनी एकदा, आठवड्याने, मग पंधरवड्याने. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि पुढे मंदावतं, हे हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच प्रयोगाने दाखवलं होतं. उजळणीची ही अंतरं त्यावरच बेतलेली आहेत. रोज पाच वाक्यं पुरेत.

आता व्याकरण. मराठी माणसाची इंग्रजी चूक बहुतेकदा मराठीतूनच येते, आणि ती कुठून येते हे कळलं की तिची भीती जाते. आपण म्हणतो, ‘मी दोन वर्षांपासून नाशकात राहतो.’ वर्तमानकाळ आहे आणि ‘पासून’ आहे. त्यावरून आपण बोलतो, ‘आय ॲम लिव्हिंग इन नाशिक फ्रॉम टू इयर्स.’ इंग्रजीत मागे सुरू होऊन आजपर्यंत चालत आलेल्या गोष्टीला वेगळं रूप आहे: ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन नाशिक फॉर टू इयर्स.’ किती काळ, ते सांगायला ‘फॉर’. केव्हापासून, ते सांगायला ‘सिन्स’. तसंच आपण कुणावर तरी रागावतो, म्हणून ‘अँग्री ऑन’ तोंडात येतं, पाहिजे ‘अँग्री विथ’. आपलं लग्न कुणाशी तरी होतं, म्हणून ‘मॅरीड विथ’, पाहिजे ‘मॅरीड टू’. आपण विषयाबद्दल चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’, आणि तिथे तर काहीच नको असतं.

‘अ’ आणि ‘द’ यांनी तर भल्याभल्यांना छळलं आहे. तीन छोटी वाक्यं ऐका. ‘अ मॅन केम टू द डोअर. ही हॅड अ बॅग. द बॅग वॉज वेट.’ एक माणूस दाराशी आला, त्याच्याकडे पिशवी होती, पिशवी ओली होती. पिशवी पहिल्यांदा आली तेव्हा ‘अ बॅग’. ऐकणाऱ्याला ती माहीत झाल्यावर ‘द बॅग’. आणि दार? ते तर पहिल्यांदाच आलं, तरी ‘द डोअर’, कारण घराला दार असतं आणि कुठलं दार ते ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. ऐकणाऱ्याला ठाऊक आहे का, एवढा एक प्रश्न मनात ठेवून कुठलीही गोष्ट वाचा. प्रत्येक ‘द’पाशी थांबून विचारा, हे याला कसं ठाऊक? पुस्तकातल्या नियमांच्या यादीपेक्षा हे जास्त कामाला येतं.

व्याकरण हातात बसवण्यासाठी माझ्या मते सगळ्यांत चांगला सराव जुनाच आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये रॉजर ॲस्कम नावाचे शिक्षक होते, पहिल्या एलिझाबेथ राणीचे गुरू. त्यांच्या निधनानंतर १५७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी लॅटिन शिकण्यासाठी दुहेरी भाषांतराची रीत सांगितली आहे. महाराष्ट्रात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या वाढल्या. तिचा पायाही भाषांतर हाच. दुहेरी भाषांतर असं करायचं: तुम्ही वाचलेल्या गोष्टीतला एक छोटा परिच्छेद घ्या आणि त्याचं मराठी लिहा, चांगलं, घरात बोलतो तसं. पुस्तक मिटा. दोन दिवसांनी फक्त मराठी समोर ठेवून त्याचं इंग्रजी करा आणि मग मूळ पुस्तक उघडा.

मूळ वाक्य होतं, ‘शी हॅड बीन वेटिंग फॉर द बस फॉर ॲन आवर व्हेन द रेन स्टार्टेड.’ मराठी झालं, ‘ती तासभर बसची वाट पाहत होती, तेवढ्यात पाऊस सुरू झाला.’ वर्गातल्या एका बाईंनी त्याचं परत इंग्रजी केलं: ‘शी वॉज वेटिंग द बस वन आवर, दॅट टाइम रेन स्टार्टेड.’ अर्थ पोचतो आहे, ही मोठी जमेची बाजू. आता फरक मोजा. ‘हॅड बीन’ गेलं. ‘वेटिंग’च्या मागचा ‘फॉर’ गेला, तासाआधीचा ‘फॉर’ही गेला. ‘व्हेन’च्या जागी ‘दॅट टाइम’ आलं. पावसाआधीचा ‘द’ गळला. एका वाक्यात पाच धडे, आणि ते शिकवायला शिक्षक लागला नाही, कारण बरोबर उत्तर पुस्तकात छापलेलं होतं. ज्यांना गावात क्लास नाही, घरात विचारायला कुणी नाही, त्यांनी हा सराव आठवड्यातून दोनदा जरूर करावा.

असे सात-आठ परिच्छेद झाले की वही चाळा. चुका शेकडो प्रकारच्या नसतात, त्याच त्या दोन-तीन पुन्हा पुन्हा दिसतात. कुणाचा काळ चुकतो, कुणाचे ‘फॉर’ आणि ‘टू’ गळतात. तेव्हा रेन आणि मार्टिन यांचं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक काढा, पहिल्या पानापासून सुरू न करता तुमची चूक ज्या प्रकरणात आहे तेवढंच उघडा, आणि त्यातली सगळी वाक्यं पेन्सिलीने सोडवा. पुढचा परिच्छेद निवडताना तीच रचना ज्यात येते असा निवडा. ती चूक वहीत दिसेनाशी झाली की दुसऱ्या चुकीचं प्रकरण घ्या.